शनी, चारशे दहा पावलं

पेशकारसाहेबांनी चुन्याचा डबा माझ्या टेबलावर ठेवला. ते तीन दिवसांच्या दौऱ्यावरून नुकतेच परतले होते, अजून टोपीही काढली नव्हती.

"बाई, शिवारातल्या दगडांना हा चुना कुणी लावला?"

"मी," मी म्हणाले. "रझियाच्या प्रोजेक्टसाठी."

ते खाली बसले.

हैदराबाद संस्थानातला, पोलीस ॲक्शनच्या आधीचा तो फाल्गुन. लोहाऱ्याच्या तहसील कचेरीतल्या पेशकारांच्या, म्हणजे तिथल्या वरच्या कारकुनाच्या, मुलीला मी घरी शिकवत होते. रझिया अकरा वर्षांची. गावात मुलींना पुढची शाळा नव्हती. हैदराबादच्या एका शाळेत होस्टेलची एक सीट रिकामी होती. इन्स्पेक्ट्रेस घरी येणार, मुलीनं स्वतः केलेलं काम बघणार, प्रश्न विचारणार आणि मग ठरवणार, असं पत्र आलं होतं. सीट मिळाली नाही तर काय, ते रझियाच्या फुफीनं, म्हणजे आत्यानं, मला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. मुलगा बघून ठेवलेला होता.

मी सूर्यमालेचं मॉडेल निवडलं. पुस्तकातल्या चित्रात सगळे ग्रह एकमेकांना चिकटलेले असतात, त्यामुळे अंतराळ किती रिकामं आहे हे मुलांना कळतच नाही. म्हणून स्केल धरायचं. स्केल म्हणजे सगळं एकाच प्रमाणात लहान करणं. पेशकारांच्या दारातली घागर हा सूर्य. त्या मापानं पृथ्वी ज्वारीच्या दाण्याएवढी आणि घागरीपासून त्रेचाळीस पावलांवर. गुरू म्हणजे मोठं बोर, दोनशे वीस पावलांवर. शनी चारशे दहा. तो गावाबाहेर, नागनाथ नावाच्या शेतकऱ्याच्या बांधावर गेला. नेपच्यून तर पार ओढ्यापलीकडे. दाणा काही लांबून दिसत नाही, म्हणून प्रत्येक ठिकाणी एक दगड ठेवला. गच्चीवरून रांग दिसावी म्हणून दगडांना चुना लावला.

वाटेत कोतवाल महादू भेटला. बाई पावलं मोजत्यात, जिमीन घेता का काय, असं म्हणून हसला. आम्हीही हसलो.

नागनाथ बांधावरच उभा होता. त्याची ज्वारी काढून झाली होती, खळ्यावर कणसांचा ढीग होता. तो आमच्या दगडाकडे बघत होता. रझिया मला हळूच म्हणाली, "मिस, नागनाथकाकांना सांगू या का?" मी म्हणाले, आधी मोजणं पुरं करू. अनोळखी माणसांशी आपणहून बोलणं मला जमत नाही. त्यानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

हे सगळं मी पेशकारसाहेबांना सांगितलं.

"बाई, तुम्ही सोलापूरच्या इंग्रजी शाळेत शिकलात," ते म्हणाले. "इथं चुन्याचा दगड मोजणीवाले लावतात. आमच्याच कचेरीचे. चुना लागला की लोक समजतात, या जमिनीचं वर काहीतरी ठरलं. आणि तुमची रांग माझ्या दारातून निघते. या दिवसांत."

त्या दिवसांत हत्यारबंद टोळ्यांच्या भीतीनं गावंच्या गावं संस्थानाच्या सरहद्दीपलीकडे, सोलापूरकडे निघून जात होती. बांधावरचा दगड बघून नागनाथही परवा बैलगाडी जोडून गेला होता. बायको, पोरं, तापानं फणफणलेला म्हातारा बाप. ज्वारी खळ्यावर तशीच.

पेशकारसाहेबांनी त्याला परत आणायला महादूला पाठवलं. त्याच दुपारी रझियानं आणि मी सगळे दगड उचलले. शनीचा दगड तिनं मला हात लावू दिला नाही. एकटीनं ओढ्यात नेऊन टाकला.

महादू पाचव्या दिवशी एकटाच परतला. म्हातारा सरहद्द यायच्या आधी गाडीतच वारला होता. नागनाथ पलीकडच्या छावणीत सापडला. महादूनं त्याला दगडांचं खरं कारण सांगितलं.

"मग काय म्हणाला?" साहेबांनी विचारलं.

महादू माझ्याकडे न बघता बोलला. "त्यो म्हणला, मग बाईनं तवाच का न्हाय सांगितलं? म्या बांधावरच हुतो की."

नागनाथ परत आला नाही. गुरं सुटून खळ्यावर गेली.

पुढच्या आठवड्यात इन्स्पेक्ट्रेस आल्या. मॉडेल कुठं आहे, त्यांनी विचारलं. काढून टाकलं, रझिया म्हणाली. बरं, मग सूर्यापासून शनी किती लांब? अठ्ठ्याऐंशी कोटी मैलांच्या वर. मी तिच्याकडून शंभर वेळा पाठ करून घेतलं होतं.

"चारशे दहा पावलं," रझिया म्हणाली. "तिथं नागनाथकाकांचं खळं आहे. ते आता तिथं नसतात."

त्यांनी दुसरे प्रश्न विचारले. रझिया खाली बघत राहिली. त्या निघाल्या तेव्हा मी मागोमाग टांग्यापर्यंत गेले आणि घडलेलं सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. रिपोर्टात लिहिलं: विषयाची तयारी अपुरी.

रझियाचा निकाह पावसाळ्याच्या तोंडावर झाला. माझं काम संपलं.

शिकवायला दुसऱ्याची जागा लागत असेल तर आधी त्याला विचारावं. माझ्या ट्रेनिंगच्या एकाही पुस्तकात हे नव्हतं. आता नव्या गावी नोकरी लागली की पहिले काही दिवस मी पुस्तक उघडत नाही. आजूबाजूच्या घरी जाऊन मी कोण आणि काय शिकवणार, ते सांगून येते. अजूनही ते मला नीट जमत नाही. पण जाते.