मासे मोजायचे की तलाव?

मंडळी, आत्ताच दुर्गहून घरी आली.

गावाजवळ कारखान्याच्या नव्या प्लांटचं बांधकाम सुरू झाल्यापासून आमच्या केवटांच्या, म्हणजे मासेमारांच्या, तलावात मासे मरून राहिले. कारण शोधायले सरकारी अनुदान मिळते, अन् मी माशांचाच अभ्यास करते, म्हणून अर्ज घेऊन गेली. सोबत मासे धरणारी सुकवारोबाई होती.

अनुदान देणारे साहेब अर्ज पाहून खूश झाले. मग हळूच म्हणाले, "तलावाची खोलीही मोजून आणा. नव्या कॉलनीला पाणी लागेल."

बाईनं माझा हात घट्ट धरला. तिचं शेत अशाच मोजणीनंतर प्लांटमध्ये गेलं होतं.

"मी फक्त मासे पाहीन," कसंबसं म्हटलं.

"मग अनुदान विसरा."

अर्ज उचलून आम्ही बाहेर आलो. बाईनं विचारलं, "उद्या दुसरा कोणी मोजायले आला तं?"

तिले काय सांगू, मंडळी? तुमाले सुचते काय?