आकाराममामा आणि न पुसल्या जाणाऱ्या रेघा

आटपाडीच्या शाळेत प्रयोगशाळेचे शिपाई होते आकाराममामा. लय टापटिपीचा माणूस! काचेवर बोटाचा ठसा दिसला की मामांच्या कपाळाला आठी पडलीच. बत्तीस वर्षांत एकच परीक्षानळी फुटली आणि तीही मांजरानं फोडली, हे ते आल्यागेल्याला ऐकवायचे. निवृत्तीला आठ दिवस उरले आणि नेमकी तेव्हाच भानगड झाली.

नव्या क्रांती मॅडमनी स्पेक्ट्रोस्कोप, म्हणजे उजेडातले रंग वेगवेगळे करून दाखवणारं यंत्र, खिडकीतल्या उजेडाकडं लावला आणि मामांनाही बघायला बोलावलं. इतकी वर्षं यंत्र पुसलं, पण त्यातून बघा असं मामांना कुणी म्हटलंच नव्हतं. मामांनी डोळा लावला. तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत रंगांचा सुरेख पट्टा, आणि त्यात उभ्या, बारीक काळ्या रेघा. मामांनी चटकन डोळा काढून घेतला.

कारण त्यांना एकट्यालाच ठाऊक होतं. खंडेनवमीला लोक कोयते-कुदळी पुजतात, तशी मामा प्रयोगशाळेतली यंत्रं पुजायचे. यंदा शेवटचं वर्ष, म्हणून कुंकू जरा सढळ हातानं लावलेलं. तेच आत गेलं असणार. आणि यंत्र तर शनिवारी सांगलीच्या प्रदर्शनाला निघालेलं! जाताजाता शाळेची शोभा करणार आपण, या विचारानं मामांना जेवण गोड लागेना.

दोन दिवस त्यांनी फुंकलं, जुन्या धोतराच्या मऊ चिंधीनं पुसलं. रेघा जिथल्या तिथं. बायको बनुबाई म्हणाली, एकदाचं सांगून मोकळं व्हा की. शुक्रवारी मामा मॅडमपुढं जाऊन उभे राहिले.

"म्याडम, यंत्र म्या नासवलं. दसऱ्याचं कुंकू आत गेलंय."

मॅडम हसल्या नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. यंत्रात उजेड शिरतो त्या फटीत कचरा अडकला तर रेघ पट्ट्याच्या लांबीत आडवी जाते, त्या म्हणाल्या. या उभ्या रेघा सूर्याकडूनच आल्यात. सूर्याच्या तापलेल्या थरातून सगळे रंग निघतात. वर जरा थंड वायू असतो. पंगतीत ताट फिरताना ज्यानं त्यानं आपल्या आवडीचं उचलावं, तसं त्या वायूतलं एकेक मूलद्रव्य आपला नेमका रंग उचलतं. पुन्हा सोडतं खरं, पण चौफेर. आपल्याकडं तो रंग कमी पोचतो, तिथं काळी रेघ दिसते.

मामांना पटेना. मग मॅडमनी स्पिरिटच्या दिव्यात चिमूटभर मीठ धरलं. ज्योत पिवळीधमक झाली, आणि यंत्रातल्या मापाच्या पट्टीवर ज्या खुणेला काळी रेघ होती, बरोबर त्याच खुणेला आता पिवळी रेघ उजळली. मिठातलं सोडियम सूर्यावरही आहे, मॅडम म्हणाल्या.

चुलीत मीठ सांडलं की जाळ पिवळा होतो, हे मामांनी जन्मभर बघितलेलं. ते किती वेळ डोळा लावून बसले. उठले तेव्हा डोळे भरून आले होते.

"म्हंजी आमच्या चुलीतलं तिथं बी हाय," एवढंच म्हणाले.

यंत्र शनिवारी सांगलीला जाऊन आलं. निवृत्तीच्या दिवशी मामांनी चाव्या नव्या शिपायाच्या, आप्पासोच्या हातात दिल्या. त्यानं यंत्राची पेटी उघडली, तर झाकणाला आतून मामांच्या थोराड अक्षरातली चिठ्ठी: "काळ्या रेघा सूर्याच्या हायत. पुसत बसू नये."

खाली कुंकवाचं एक बोट, भिंगापासून चांगलं लांब.