दारावरचं इंटरफेरॉन

प्रयोगशाळेत मी माणसाचं इंटरफेरॉन जिवाणूंकडून बनवून घेते आणि ते विषाणूला कितपत रोखतं ते तपासते. आईला एकदा सांगितलं, की विषाणू शिरलेली पेशी हे प्रथिन सोडते, मग शेजारच्या पेशी सावध होऊन दारं लावून घेतात.

"म्हंजे कांजण्यांच्या घरावरची कडुलिंबाची डहाळी," आई म्हणाली. मला रागच आला. इतकं शिकून डहाळीच?

गेल्या सुट्टीत वाशीमला पोचले ती तापानं फणफणतच. सकाळी पाहते तर दाराला कडुलिंब टांगलेला.

"हे कायले?"

"शेजाऱ्यायले सावध कराले. तुह्या प्रथिनासारखं."

गल्लीनं आम्हा दोघींना खोटं पाडलं. दुपारपर्यंत साऱ्या शेजारणी काढा घेऊन माझ्या खाटेभोवती बसल्या होत्या आणि एकमेकींच्या काढ्याला नावं ठेवत होत्या.