सकाळच्या बसचा ग्रूप

बाबाराव तहसीलमधून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी किराण्याच्या यादीखाली ते अजून सही ठोकतात. असा माणूस मला आवडतो, पण त्याच्या हाताखाली राहणं कठीण.

आमच्या तामसीकडच्या गावातून आदिलाबादला जाणारी सात वाजताची बस अर्धी रिकामी जायची. महिनाभरात गर्दी दिसली नाही तर बंद करू, असं डेपोच्या साहेबांनी सांगितलं. बस गेली असती तर माझी शाळेतली नोकरी, पोरींचं कॉलेज, म्हाताऱ्यांचा दवाखाना, सगळंच ऑटोवाल्याच्या मर्जीवर. आम्ही हळहळलो, कामाला लागले एकटे बाबाराव. त्यांनी व्हॉट्सॲपवर ‘सकाळची बस’ नावाचा ग्रूप काढला आणि दीडशे माणसं जोडली.

पण ग्रूप चालवला रेणुकाबाईनं. ती आदिलाबादच्या बाजारात भाजी विकते, पहिल्या थांब्यावर चढते आणि बोलूनच निरोप पाठवते. “निघाली बस! मांगं सात जागा हायेत. प्रीती, डब्बा भर लवकर. आन् आशाबाई, सुनेचा ताप उतरला का नाई?” लोक ऐकत, हसत आणि वेळेवर थांब्यावर येत. दुसऱ्या आठवड्यात बसमध्ये उभं राहायला जागा नव्हती.

बाबारावांच्या पोटात दुखायला लागलं. त्यांनी फर्मान काढलं: यापुढे दरखास्त, म्हणजे सरकारी अर्ज, लिहितात तसं लिहावं, नाव, मुक्काम, मजकूर. सुनेचा ताप हा बसचा विषय नाही. रेणुकाबाईनं ऐकलं नाही, तेव्हा तिला ग्रूपमधून काढून टाकलं.

ग्रूपला शिस्त लागली, म्हणजे तो मेला. बस कुठवर आली कोणाला कळेना. लोक पुन्हा ऑटोत बसू लागले. मुदतीला आठ दिवस उरले असताना बसमध्ये आम्ही अकरा जण होतो. माझा संताप झाला.

“काका,” मी म्हटलं, “अति शहाना त्याचा बैल रिकामा. तुमची बस बी रिकामीच चालून राह्यली!”

बाबाराव आदिलाबादला उतरून थेट रेणुकाबाईच्या मेथीसमोर जाऊन उभे राहिले. मीही मागोमाग गेलो.

“बाई, चुकलं माह्यं. ग्रूपात परत या.”

“मले काऊन काढलं व्हतं?”

“तुमचं सारे आयकत व्हते,” बाबाराव खाली बघत म्हणाले. “माह्यं कोनी वाचत नव्हतं.”

रेणुकाबाई पोट धरून हसली. दुसऱ्या दिवशीपासून तिचा आवाज गावभर घुमू लागला.

शेवटच्या दिवशी साहेब स्वतः बस बघायला आले आणि गच्च भरलेली बघून ती कायम करून गेले. जाताना त्यांनी आपलाही नंबर ग्रूपमध्ये घालून घेतला. बाजाराच्या दिवशी जादा गाडी कुठून सोडायची, हे आता डेपोला रेणुकाबाईकडूनच कळतं.

त्यानंतरच्या सोमवारी बाबाराव भरल्या बसमध्ये दांडा धरून उभे होते.

“बाई, आता तुमीच ॲडमिन व्हा.”

“त्यानं काय व्हते?”

“ज्याले पाह्यजे त्याले काढता येते.”

“मंग नोको मले.” रेणुकाबाईनं शेजारची टोपली मांडीवर घेतली आणि खिडकीकडे सरकली. “बसा, भाऊ. दोघं मावतो.”