बाबांचा अल्बम आणि माझा एक कान

"तिलाच सांगायला लावू. नवी आहे, तिच्यावर बाबा ओरडणार नाहीत."

बोलत होत्या आमच्या सासूबाई. ऐकत होता माझा नवरा. आणि दाराबाहेर रिकामे कप घेऊन उभी मी! त्यानंतर मी जी काही माती खाल्ली ना, ती कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही.

झालं होतं असं. रिफायनरीतून निवृत्त झाल्यावर बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, लोकगीतांचा अल्बम केला. सात गाणी, सातही युगुलगीतं, दर गाण्यात एक नामवंत पाहुणा, गायक नाहीतर वादक. पाहुणे काही बडोद्याला आले नाहीत. त्यांनी घरूनच आपापला भाग पाठवला आणि इथल्या मांडवीतल्या स्टुडिओवाल्याने तो बाबांच्या आवाजाला चिकटवला. घरात सगळ्यांचं मत एकच: भयंकर! पण बाबा तो रविवारी अख्ख्या सोसायटीला ऐकवणार होते.

मी ठरवलं, नीट ऐकून खरं ते सांगायचं. इअरफोन घेऊन बसले. पण नव्या सुनेने दोन्ही कान बंद करून बसायचं कसं? आईंनी हाक मारली तर? म्हणून डावा कान गाण्याला दिला, उजवा घराला.

आणि काय सांगू! बाबांचा आवाज खडा, पण गोड. मधेमधे लांबच लांब शांतता. पाहुणे तर जेमतेम ऐकू येत होते. मी थक्क! एवढी मोठी माणसं, पण यजमानाला गाऊ देतात!

"बाबा, फार सुंदर," मी म्हणाले. "पाहुण्यांचा संयम तर..."

नवऱ्याला ठसका लागला.

"बघा!" बाबा गरजले. "कमी बोलते, पण गाण्यातलं कळतं हिला! रविवारी प्रास्ताविक सूनबाईच करणार!"

केलं हो मी! वर 'संयम' हा शब्द तीनदा वापरला.

मग स्पीकर सुरू झाले. स्टुडिओवाल्याने बाबांचा आवाज डाव्या बाजूला बसवला होता आणि पाहुण्यांना उजव्या स्पीकरवर. पहिलाच पाळणा. बाबा बाळाला जोजवायला लागले, तोच उजवीकडून सॅक्सोफोन असा किंचाळला की पुढच्या रांगेतलं खरंखुरं बाळ दचकून उठलं. लावणीत एक पार्श्वगायक नुसतेच "ओ येऽऽ" करत होते. पोवाड्यात सतार इतकी रेंगाळली की मावळे गडावर पोचेपर्यंत म्हातारे झाले असते.

सातवं गाणं संपलं. शेजारचे हसमुखभाई आदराने म्हणाले, "बहु सरस, साहेब! अब आप कब गाओगे?"

बाबा माझ्याकडे वळले. चिडले असते तर बरं झालं असतं.

"सूनबाई, तुला हे आवडलं होतं?"

आई आणि नवरा एकदम शेवउसळीच्या डिशमध्ये काहीतरी शोधायला लागले. मग मला बोलावंच लागलं.

"बाबा, मी एकाच कानाने ऐकलं. त्यात फक्त तुम्ही होतात, आणि फार छान गात होतात. दुसरा कान मी आईंच्या हाकेसाठी मोकळा ठेवला होता. आणि आई, नेमकी त्याच दिवशी तुम्ही एकदासुद्धा हाक मारली नाहीत!"