काळ्या-पिवळ्या जीपमधला आवाज
ओल्या दर्भाचा वास आला की मला घनसावंगीजवळचा गोदाकाठ आठवतो. नव्वदचं दशक सरत आलं होतं आणि अपघातात गेलेल्या माझ्या मावसभावाचा दहावा होता. तो मराठीत रॅप करायचा, म्हणजे ठेक्यावर भराभर बोलायचा. त्याच्या वडिलांना, माझ्या काकांना, ती नुसती बडबड वाटे. पिंड ठेवून पाऊण तास झाला तरी कावळा समोरच्या बाभळीवरून उतरत नव्हता. तेवढ्यात काठावर एक काळी-पिवळी जीप सवारीची वाट बघत थांबली आणि तिच्या टेपमधून मावसभावाचाच आवाज आला, "थांबा, मी येऊन राह्यलो." त्याची पहिली कॅसेट त्याच आठवड्यात बाजारात आली होती, ड्रायव्हरला बिचाऱ्याला काय माहीत. "बंद करा ते," मावशी म्हणाली, "त्यो हितंच बोलून राह्यला, मंग जाईल कसा?" मी जीपकडे निघालो, तर काकांनी माझा हात धरला. "राहू दे रे. जिता होता तव्हा एक डाव न्हाई ऐकलं. आता पुरं होऊ दे त्याचं." अर्ध्या तासाची बाजू संपेपर्यंत सगळे उन्हात उभे राहिलो. आवाज थांबला तसा कावळा खाली उतरला आणि पिंडापासून दोन हातांवर आला. आम्हाला गाणी आवडली असं समजून ड्रायव्हरनं कॅसेट उलटून लावली, आणि कावळा नदीपार उडून गेला. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. मावशीनं तो मानला नाही. ती आता ऐंशीला टेकली आहे आणि अजून रात्री दाराला कडी लावू देत नाही. मी असल्या गोष्टी मानत नाही. पण तिच्याकडे मुक्कामाला असलो की कडीला हात मीही लावत नाही.