कप घटी बसला

नाशकातल्या एका नामांकित गोल्फ क्लबच्या इतिहासात माझं कोपर आहे.

थट्टा नाही हो! क्लबने आपल्या अजिंक्यपदाच्या इतिहासाचं गुळगुळीत कागदाचं पुस्तक काढलंय, त्यात छापलंय. बाकीची मी त्यात का नाही, तेच सांगते.

आमचा मळा क्लबच्या कुंपणाला लागून. झेंडू, शेवंती, मेथी, कोथिंबीर. आधी तिथे नुसतं माळरान होतं. मग साहेबलोक आले, हिरवळ लावली, आणि ती जगवायला आमच्या विहिरीचं पाणी मागितलं. त्या बदल्यात आमच्या ह्यांना सभासद करून घेतलं. (म्हणजे पाणी आमचं, आणि वर चेंडूही आम्हीच खायचे! झेंडूच्या वाफ्यात रोज एखादा पांढरा चेंडू उगवलेला असायचाच.) ह्यांचं लहानपण सगळं विटीदांडूत गेलेलं. साहेबांची काठी हातात आली, आणि नव्वदच्या दशकात एका वर्षी ह्यांनी डॉक्टर, वकील, कारखानदार सगळे मागे टाकून क्लबचं अजिंक्यपद जिंकलं!

रिवाज असा, की जिंकणाऱ्याने चांदीचा कप वर्षभर घरी ठेवायचा आणि पुढच्या वर्षी अंतिम सामन्याच्या दिवशी लखलखीत करून परत आणायचा. कप हातात घेतला तेव्हा मागून कुणीतरी बोललं, "मळ्यात कशाला देता? बाजरी मोजतील त्याने!" ह्यांच्या मनाला ते लागलं. तिथल्या तिथे म्हणाले, "कपाला एक ओरखडा जरी आला, तरी पुन्हा ह्या कुंपणाच्या आत पाऊल टाकणार नाही." क्लबचे सेक्रेटरी म्हणजे एक निवृत्त कर्नल. त्यांनी नुसती मान हलवली. झालं. वर्षभर कप आमच्या कपाटात, जुन्या शालूत गुंडाळून, लग्नाच्या दिवशी मलासुद्धा कुणी जपलं नसेल इतका जपून!

आणि नवरात्र आलं.

त्या वर्षीचा घट साधा नव्हता. माझी नणंद कांता निफाडला दिलेली. लग्नाला कितीतरी वर्षं झाल्यावर तिला दिवस गेले होते आणि नववा लागला होता. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, देवीला बोलल्या होत्या, "नऊ दिवस घट जागचा हलनार नाय, दिवा इझनार नाय. माझ्या कांताला सुखरूप सोडव."

घटस्थापनेच्या सकाळी टोपलीत काळी माती तयार, धान्य पेरून झालेलं, नारळ तयार, विड्याची पानं तयार. फक्त तांब्याचा कलश नाही! वर्षभर माळ्यावर उपडा असतो, तो गायब.

"सुमन, कलश कुठंय?"

"आत्याबाई, तिथेच तर होता."

"तिथंच होता तर मंग गेला कुठं? पाय फुटले त्याला?"

घर उलटंपालटं केलं. हे पहाटेच फुलांचा टेम्पो घेऊन मार्केटला गेलेले. स्टीलचा हंडा आत्याबाईंना चालेना. पाण्याचा माठ उष्टा. मुहूर्त टळत चाललेला. आणि माझ्या डोक्यात वीज चमकली. (माझ्या डोक्यात वीज चमकली की घरात काहीतरी जळतंच, हा आजवरचा अनुभव.) मी कपाटातून कप काढला, त्याचं लाकडी बूड फिरवून वेगळं केलं आणि आत्याबाईंच्या पुढे धरला. चांदीचा, दोन कानांचा, पोटाने गोल. नारळ तर असा बसला, जणू सोनाराने माप घेऊनच घडवला होता!

आत्याबाईंनी डोळे बारीक केले. "यावर नावं कसली?"

"जिंकलेल्यांची."

"येवढ्या मानसांनी मिळून एकच भांडं दिलं? चिकट मेले!" मग जरा थांबून, "कुनी प्यायलंय का यात?"

"छे हो! मोठ्या लोकांचं भांडं. शोभेचं."

झालं! कप मातीत पक्का रोवला, पाणी भरलं, पानं लावली, नारळ ठेवला, पहिली माळ चढली. कप घटी बसला.

दुपारी हे आले. देवाला हात जोडले, आणि जोडलेलेच राहिले.

"हे काय केलंस?"

"घट बसवला."

"कशात?"

"... तुमच्यात."

"अगं, पुढच्या रविवारी फायनल आहे! कप टेबलावर लागतो! कलशाला काय झालं होतं?"

"सापडलाच नाही. तुम्ही पाहिलात का कुठे?"

हे एकदम अंघोळीलाच निघून गेले. सकाळी अंघोळ झालेली होती, तरी! मला वाटलं, माझ्यावर ओरडल्याचं वाईट वाटलं असेल. माणूस मऊ आहे हो मनाने.

मग फोन सुरू झाले. "कप कधी आणताय?" कर्नलसाहेबांनी विचारलं. हे म्हणाले, "पॉलिशला दिलाय, सराफ बाजारात."

"कुठल्या दुकानात? मी जाताना घेतो."

"दुकान... बंद आहे."

"उघडणार कधी?"

"दसऱ्याला!" (खोटं बोलायलाही सराव लागतो. ह्यांनी सगळा सराव गोल्फचाच केलेला.)

कर्नलसाहेब काही दूधखुळे नव्हते. फायनलच्या आदल्या दिवशी जीप घेऊन थेट दारात हजर! मी आडवी जायच्या आत ते उंबऱ्यापर्यंत पोचले.

"पायताणं भाईर!" आतून आत्याबाईंचा आवाज. कर्नलसाहेबांनी मुकाट्याने बूट काढले. मोज्यातून अंगठा बाहेर आलेला. तसेच आत आले, आणि समोर पाहतात तो मातीत रुतलेला, माळांनी गळ्यापर्यंत झाकलेला, डोक्यावर नारळ घेतलेला क्लबचा मानाचा कप! बाजूने धान्याचे कोंब चांगले बोटभर वर आलेले. ह्यांचा चेहरा असा झाला, की मळ्यातली बुजगावणी बरी.

"आजी," कर्नलसाहेब हळूच म्हणाले, "उद्या आमची चॅम्पियनशिप आहे. हा कप लागेल."

"घट उठत नसतो. दसऱ्याला या."

"सगळे पाहुणे येणार आहेत हो."

"आमच्याकडंबी येनार हाय पाव्हना. निफाडला. पोरीचं पयलंच हाय, लय वरसांनी. तवर या घटाला कुनी हात लावला तर माझ्यासंगं गाठ हाय!"

कर्नलसाहेबांनी दिव्याकडे पाहून हात जोडले. मग आत्याबाईंनी विचारलं, "साहेब, तुमी खरं बोलनारं मानूस दिसता. यात कुनी काय प्यायलं नाय ना?"

ह्यांनी मान खाली घातली. आता मला काय माहीत, दर वर्षी जिंकणारा त्याच कपातून बिअर पितो म्हणून! कर्नलसाहेबांनी म्हणे सीमेवर गोळ्या झेलल्या होत्या. पण आत्याबाईंपुढे त्यांच्या कपाळावर घाम आला.

"पाणी, आजी," ते म्हणाले. "फक्त पाणी."

दारात बूट चढवता चढवता ह्यांना म्हणाले, "उद्या जिंका म्हणजे झालं. नाही जिंकलात तर जिंकणाऱ्याला इथे घेऊन येतो. बक्षीस समारंभ तुमच्या ओसरीवर!"

आता ह्या खेळात म्हणे कमी फटके मारणारा जिंकतो. (आमच्या घरात हा नियम कुणालाच पटला नाही. आत्याबाई म्हणाल्या, "मंग घरीच बसावं, येकबी मारू नये!") ह्यांनी एक फटका जास्त मारला आणि एक तरुण दातांचा डॉक्टर जिंकला. संध्याकाळच्या आत सगळा क्लब आमच्या ओसरीवर! दाराशी खिळ्याखिळ्यांच्या बुटांचा ढीग, त्यातला एक आमच्या कुत्र्याने पळवलेला. मी मोठ्या पातेल्यात चहा टाकलेला. डॉक्टर घटासमोर हात जोडून बसला. बक्षीस उचलायचं नाही, नुसतं पाहायचं, असं त्याला कर्नलसाहेबांनी बजावलेलं. फोटोवाला म्हणाला, "रेडी!" आणि नेमकं त्याच क्षणी आत्याबाई ओरडल्या, "सुमन, माळ घसरली बघ!" मी लुगड्याचा पदर सावरत हात पुढे घातला. खटॅक!

तेवढ्यात फोन वाजला. निफाडहून. मुलगी झाली, आणि कांता सुखरूप! आत्याबाईंनी पदराने डोळे पुसले आणि सगळ्या क्लबच्या हातावर साखर ठेवली. डॉक्टरच्या हातावर दोनदा. "लक्षुमी आली रं, तुझ्या पायगुनानं," म्हणाल्या. ह्यांनी हरल्याचं दुःख केलंच नाही. मामा झाले होते ना! पण कपाची काळजी होतीच. ओरखड्याचा शब्द दिलेला होता.

दसऱ्याला घट उठला. कर्नलसाहेब आणि डॉक्टर कप न्यायला आलेले. मी मुळं सोडवली, माती धुतली, रांगोळीने हलक्या हाताने घासला. सगळ्यांनी वाकून, फिरवून, उजेडात धरून पाहिला. एक ओरखडा नाही! ह्यांची छाती अशी फुगली! आत्याबाईंनी घटाचे कोंब कर्नलसाहेबांच्या गोल्फच्या टोपीत खोवले, डॉक्टरच्याही खोवले.

तेवढ्यात झेंडू तोडणाऱ्या बायकांतली एक वाफ्यातून धावत आली. "आत्या, ह्यो तुमचा कलश नव्हं? झेंडवात आडवा पडला व्हता!"

कलशाला सगळीकडून पोचे. आणि आत खडखडतंय काय, तर पांढरा चेंडू!

सगळे ह्यांच्याकडे पाहायला लागले.

"वर्षभर रिकामाच तर असतो," हे पुटपुटले. "म्हटलं, चेंडू घालायच्या सरावाला बरा... तोंड अगदी गोल्फच्या खड्ड्याएवढंच आहे..."

"माझ्या देवीच्या कलशात?" आत्याबाईंच्या हातात शेवटचे कोंब होते. "रघ्या, टोपी ऱ्हाऊ दे. कान फुडं कर!"

कर्नलसाहेब हसून हसून पायरीवर बसले. म्हणाले, "शब्द कपाचा होता, कलशाचा नव्हता. उद्यापासून खेळायला या." आणि हे, लाल कानाने, गेलेसुद्धा!

गेल्या वर्षी ते पुस्तक निघालं. पानापानांवर जिंकलेले, हातात कप धरून, दात दाखवत. डॉक्टरच्या वर्षीचा फोटो मात्र मोठा, अख्ख्या पानाचा. मधोमध आमचा घट, आणि कडेने आत आलेलं एक कोपर, हिरव्या बांगड्यांसकट. खाली इंग्रजीत काहीतरी छापलंय. माझं नाव असेल म्हणून मी हौसेने चष्मा पुसला आणि कांताच्या त्याच मुलीला वाचायला लावलं.

तिने वाचलं, हसली, आणि अर्थ सांगितला: "चॅम्पियन, कप, नारळ आणि इतर."

नारळाच्याही नंतर हो!